तरंग्यावरची कोळीण

झाकणाची कडी पडल्याचा आवाज आला आणि मला कळलं की नणंदेनं मला माफ केलंय.

एरवी ही आनंदाची बातमी. पण त्या वेळी मी जमिनीखाली चौदा फूट, निवळणी टाकीच्या तळाशी, घोटाभर पाण्यात लांब दांड्याची केरसुणी घेऊन उभी होते. आणि वरून कडी पडायला एकच कारण असू शकत होतं. पंपघराच्या फळीवर माझा बिल्ला 'वर' या बाजूला होता. मी तो 'खाली'ला लावून उतरले होते. म्हणजे कोणीतरी तो सरकवला होता, आणि माझा बिल्ला सरकवणारं माणूस आमच्या सबंध वॉटरवर्क्समध्ये एकच आहे.

आमची पद्धत सांगते, म्हणजे माझा मूर्खपणा नीट कळेल. पंपघराच्या दाराशी एक लाकडी फळी आहे. तिच्यावर खिळ्यांच्या दोन ओळी, डावीकडे 'वर', उजवीकडे 'खाली'. प्रत्येकाचा नंबर घातलेला पितळी बिल्ला. टाकीत उतरण्याआधी आपला बिल्ला 'खाली'च्या खिळ्यावर टांगायचा, बाहेर आलं की परत 'वर'च्या. खाली एकही बिल्ला असेल तोवर कुठलं झाकण लागत नाही, कुठला व्हॉल्व्ह उघडत नाही. पद्धतीत काही खोट नाही, खोट माझ्यात आहे. उतरताना बिल्ला लावायला मी कधीच विसरत नाही, कारण जीव प्यारा असतो. बाहेर आल्यावर हमखास विसरते, कारण मग चहा प्यारा असतो. कितीदा तरी मी घरी घोरत असते आणि माझा बिल्ला रात्रभर 'खाली' लटकत असतो. साहेबांनी तो पाहिला की मेमो. म्हणून नणंद येता-जाता, एक अक्षर न बोलता, तो उचलून डावीकडे अडकवते. गेली सहा वर्षं अडकवतेय.

नणंद म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, पण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती पंप चालवते, मी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. घरी दोघींचं स्वयंपाकघर एक, इथे फाटक एक. त्यामुळे भांडणाला जागा बदलावी लागत नाही, घरी सुरू झालेलं इथे संपवता येतं. बरे दिवस असले की मी तिला अगं-तुगं करते. बिनसलं की 'वन्सं' म्हणते आणि अहो-जाहो करते. ते ऐकलं की तिच्या अंगाचा तिळपापड होतो, आणि तो व्हावा म्हणूनच मी करते.

या वेळी बिनसलं ते एका कोळिणीवरून. मासे विकणारी नव्हे, आठ पायांची.

निवळणी टाकी गाळ काढायला पंधरा दिवस रिकामी होती. रिकामी म्हटलं तरी तळाशी घोटाभर पाणी राहतंच, आणि त्यात नदीबरोबर आलेले बोटभर मासे, बेडकांची पिल्लं. त्यांच्यावर ही जगायची. घरात कोपऱ्याला लोंबणारे बारके कोळी असतात तशी नव्हे. पाय पसरले तर माझ्या पंजाएवढी, तपकिरी, अंगाच्या दोन्ही कडांना फिकट पट्टा. जाळं लावून नशिबाची वाट बघत बसणं तिला माहीत नाही. मागचे पाय भिंतीवर, पुढचे पाण्यावर टेकवून बसते. पाणी जरा कुठे हललं की तिला कळतं, आणि मासा पुढच्या क्षणी तिच्या तोंडात. नणंद तिला 'ओळखत' होती, हा तिचाच शब्द. व्हॉल्व्हला हात लावण्याआधी झाकण उघडायचं, टॉर्च मारायची, हिची चौकशी करायची, मग पाणी सोडायचं, असा तिचा शिरस्ता. भरलेल्या टाकीत ही झाकणालगतच्या वीतभर कोनाड्यात राहते हेही तिनंच शोधून काढलं.

परवा ती पंप सोडून धावतच प्रयोगशाळेत आली.

"वहिनी, अगं तिनं तरंग्यावर घर बांधलंय! पिल्लं बाहेर पडलीत, शेकड्यानं. तू दोन दिवस सही करू नकोस ना. तेवढ्यात पांगतील ती."

टाकी भरण्याआधी माझी सही लागते. 'टाकी स्वच्छ, भरण्यास हरकत नाही' अशी चिठ्ठी मी द्यायची, ती पंपघरात गेली की पाणी सुटणार.

"पिण्याच्या पाण्याच्या टाकीत कोळ्यांचं बाळंतघर?" मी म्हटलं. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला, वन्सं?"

"पुढे वाळूचे थर आहेत, क्लोरीन आहे. शाळेतली पोरं बघायला येतात तेव्हा तूच सांगतेस की इथे हत्ती पडला तरी नळाला स्वच्छच पाणी येईल."

"नियम म्हणजे नियम. झाडून टाकणार मी."

नियमबियम काही नव्हता. मला कोळ्याची भीती वाटते. किळस नव्हे, भीती. घरी न्हाणीघरात कोळी निघाला की मी ओलीच्या ओली दाराबाहेर येते आणि नणंद आत जाऊन त्याला पेल्यात धरून अंगणात सोडते. सहा वर्षांत तिनं त्यावरून एकदाही मला चिडवलं नाही. इतकं न चिडवणंही माणसाला सोसत नाही. म्हणून मी शुद्ध पाण्याचा झेंडा पुढे केला.

काल संध्याकाळी तिची पाळी संपल्यावर मी केरसुणी घेऊन झाकणाशी गेले. पाय आत सोडून दहा मिनिटं बसले, आणि पाय वर घेऊन घरी आले. एवढाच माझा पराक्रम.

आज सकाळी चहाच्या वेळी तिनं विचारलं, "काय केलंस गं तिचं?"

"कालच उतरले आणि झाडून टाकली. मेली."

"पिल्लांसकट?"

"सकट."

तिनं कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. "एवढी कामसू झालीस," ती म्हणाली, "तर आपला बिल्लाही आपणच जागेवर लावत जा."

"लावीन. तुम्ही यापुढे माझ्या बिल्ल्याला हात लावू नका, वन्सं. माझं मी बघून घेईन."

झालं. अकरा वाजता मी टाकी न बघता चिठ्ठीवर सही केली आणि शिपायाबरोबर पंपघरात पाठवून दिली. पाणी तीनला सुटणार. मग मन खायला लागलं. सही खोटी, शब्द खोटा. निदान कोळीण तरी खरी मेलेली असावी, म्हणून जेवणाच्या सुट्टीत, कोणाला न सांगता, बिल्ला 'खाली'ला लावून मी उतरले. फोन टेबलाच्या खणातच ठेवला, गळ्यात टॉर्च आणि हातात घड्याळ तेवढं होतं. मागच्या वर्षी एक फोन याच टाकीत बुडवला होता, तेव्हापासून अक्कल आली होती.

आता कडी पडल्यावर सगळं लख्ख दिसलं. नणंद दुपारी पंपघरातून बाहेर पडली असेल. फळीवर माझा बिल्ला 'खाली' दिसला असेल. मी कालच उतरले असं तिला मीच सांगितलेलं, तेव्हा आज खाली जायचं मला कारणच काय? म्हणजे बिल्ला कालपासून विसरलेला, सकाळी रागात आपल्या नजरेतून सुटलेला. हात लावू नकोस म्हणून सकाळी बजावलेलंही तिला आठवलं असेल. क्षणभर ती तशीच उभीही राहिली असेल. आणि मग साहेबांच्या फेरीची वेळ झालीय हे बघून, उगाच हिला मेमो नको म्हणून, तिनं तो डावीकडे अडकवला असेल. साहेब आले, फळी बघितली, सगळे वर. अंगणात झाकण उघडं दिसलं, लाथेनं लावलं, कडी घातली. उघडं दार साहेबांना बघवत नाही. माघारी आम्ही त्यांना 'कडीकोयंडा' म्हणतो.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझा गोटा लोखंडी होता आणि त्याला कडी होती.

तरी पहिला अर्धा तास मी घाबरले नाही, चिडले. अकरा लोखंडी पायऱ्या चढून झाकणाला डोकं लावलं आणि ओरडले. साहेबांना हाक मारली, नणंदेला मारली, शिपायाला मारली. केरसुणीच्या दांड्यानं झाकण बडवलं. पण आमचा मोठा पंप वीस पावलांवर आहे, आणि तो चालू असला की पंपघरात आम्ही एकमेकींशी हातवाऱ्यांनी बोलतो. अंगणात दुपारच्या उन्हात कुत्रंही फिरकत नाही. एक वाजून दहा मिनिटांनी दांडा मोडला. पाच मिनिटांनी माझा आवाज बसला. मग मी खाली उतरले आणि घाबरले.

भरायला लागल्यापासून चाळीस मिनिटांत टाकी भरते. पाणी छताला टेकतं, झाकणाच्या गळ्यापर्यंत येतं. हे मी शाळेतल्या पोरांना हौसेनं सांगते. मला पोहता येत नाही, आणि येत असतं तरी पोहून जायचं कुठे? हवेची नळी आहे ती मनगटाएवढी. तिच्यातून बटणाएवढा उजेड पलीकडच्या भिंतीवर पडला होता आणि घड्याळाच्या काट्यासारखा हळूहळू सरकत होता. शहाण्यासारखी मी तिच्याखाली उभी राहून नळीत बसक्या आवाजातच ओरडून आले. नळी वर गवतात उघडते. गवतानं ऐकलं असेल.

एक आशा उरली होती, तीही मीच मोडून ठेवलेली. नणंद पाणी सोडण्याआधी झाकण उघडते, ते कोळिणीला बघायला. ती मेली म्हणून मी सांगितलंय. मेलेल्याची कोण चौकशी करतं? उलट ते रिकामं घर बघावं लागू नये म्हणून ती आज इकडे फिरकणारसुद्धा नाही. मी तिला चांगलीच ओळखते. आमच्या घरी मांजर गेलं तेव्हा तिनं दोन महिने त्या पायरीवर पाय ठेवला नव्हता.

मला रडू आलं. नवऱ्याची आठवण आली नाही, खोटं कशाला बोलू. नणंदेची आली. संध्याकाळी कोणीतरी माझा शोध घेईल, टाकी उपसतील, आणि मग तिला कळेल की बिल्ला आपणच सरकवला होता. माझं काय, मी सुटले असते. तिला त्या फळीसमोरून रोज जावं लागलं असतं. हे मनात आलं तेव्हा कुठे मी डोळे पुसून नीट बघायला लागले.

समोर कोपऱ्यात तरंगा होता. तरंगा म्हणजे तांब्याचा पोकळ गोळा, पाण्याच्या मोठ्या कळशीएवढा. पाण्याबरोबर वर जातो, पाण्याबरोबर खाली येतो. त्याची साखळी छतातल्या भोकातून बाहेर जाते आणि तारेनं पंपघरातल्या तबकडीला जोडलेली आहे. टाकीत किती पाणी आहे ते तबकडीवरचा काटा दाखवतो. गोळा या वेळी तळापासून हातभर उंचीवर लोंबत होता, आणि त्याच्या भोवती, साखळीपासून भिंतीपर्यंत, दाट पांढऱ्या जाळ्याचा तंबू होता. टॉर्चच्या उजेडात तो तंबू हलल्यासारखा वाटत होता. आत मोहरीएवढी पिल्लं एकमेकांवरून फिरत होती. आणि तंबूच्या खाली, भिंतीवर उलटी, आई बसली होती. तिचे पुढचे दोन पाय पाण्यावर होते.

मी पाय हलवला. पलीकडच्या टोकाला, वीस फुटांवर, मी नुसती टाच उचलली. तिनं अंग वळवून माझ्याकडे तोंड केलं.

परत हलवला. ती परत सरकली. एवढ्या अंधारात, न बघता, तिला माझी हालचाल पाण्यातून कळत होती. आणि मला एकदम पंपघर दिसलं. तबकडीसमोर स्टूल टाकून नणंद बसलेली, नजर काट्यावर. दिवसभर तिचं काम तेच. काटा हलला की तिला कळतं.

काटा माझ्या हातात होता. म्हणजे हात लांब केला तर.

हात लांब करणं सोपं असतं तर मी आदल्या दिवशीच केलं असतं. मी भित्र्या माणसाची युक्ती केली. मोडक्या दांड्यानं, लांबून, गोळ्याला खालून ढोसलं. गोळा उडाला, पडला, परत उडवला. काटा नाचला असणार. मी थांबले, कान दिले. काही नाही. पुन्हा ढोसलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की पंपघरात काय होत असेल. ती तबकडी जुनी आहे, महिन्यातून एकदा तरी नाचते. नणंद उठते, काचेवर बोटाच्या गाठीनं दोन टिचक्या मारते, परत बसते. तिनं टिचक्या मारल्या असतील आणि परत बसली असेल.

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

काटा नाचवून भागणार नव्हतं. काटा 'पूर्ण'वर नेऊन तिथे ठेवायला हवा होता. भरलेल्या टाकीत कोणी पाणी सोडत नाही. म्हणजे गोळा छतापर्यंत न्यायचा आणि धरून ठेवायचा. पायऱ्या तिथून हातभर अंतरावर होत्या. गोळा कडेवर घ्यायचा आणि चढायचं, इतकं साधं काम. फक्त तो तंबू, ती शेकडो पिल्लं आणि त्यांची आई यांच्यासकट.

"बाई गं," मी तिला म्हटलं. आवाज बसलेला, नुसती हवाच बाहेर पडली. "मी तुझं काही करत नाही. तूही माझं काही करू नकोस."

मी डोळे मिटले आणि दोन्ही हात जाळ्यात घातले.

जाळं फाटताना बारीक आवाज होतो, जुनं कापड उसवावं तसा. गोळा गार होता. मी तो उचलून छातीशी धरला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तोवर पिल्लं मनगटांवर आली होती. तिसऱ्या पायरीला कोपरावर. सहाव्या पायरीला मानेवर, कानामागे, केसांत. ती चावत नव्हती, नुसती धावत होती, पण ते सांगायला आता ठीक आहे. तिथे माझे दात वाजत होते आणि तोंडातून लहान मुलासारखा एक आवाज येत होता, तो मला थांबवता येत नव्हता. अकराव्या पायरीवर डोकं झाकणाला लागलं. मी एक हात वरच्या गजात अडकवला, दुसऱ्यानं गोळा छताला टेकवून धरला, आणि डोळे उघडले.

आई माझ्या हातावर होती.

ती खाली राहिली असेल अशी माझी समजूत होती. राहिली नव्हती, पिल्लांबरोबर वर आली होती. गोळा धरलेल्या हाताच्या मनगटावर आठही पाय पसरून बसली होती. झटकायचं म्हटलं तर गोळा सुटला असता, आणि गोळा सुटला की काटा शून्यावर. तिनं पुढचा एक पाय उचलला आणि माझी जिथे नाडी लागते तिथे टेकवला. पाण्यावर टेकवावा तसा. मग हलली नाही.

जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. गोळा जड नव्हता, पण दहा मिनिटं धरलेली उशीही जड होते. अडीच वाजले. खांद्यात कळ निघाली. पावणेतीन. बोटं आपली राहिली नाहीत. हात बदलायला जागा नव्हती, टेकायला आधार नव्हता. मी आकडे मोजले, ते चुकले. मग नणंदेशी बोलायला लागले. वन्सं नाही म्हटलं. अगं, म्हटलं, काट्याकडे बघ. एकदा बघ. चिठ्ठीकडे बघू नकोस, माझ्या सहीकडे तर मुळीच बघू नकोस.

तीन वाजले.

खाली कुठेतरी नळीनं ढेकर दिली. मला तो आवाज पाठ आहे. व्हॉल्व्हचं चाक फिरलं की आधी हवा येते, मग पाणी. पाणी आलं. अंधारात धो धो पडायला लागलं, गार वारा वर आला. तिनं काटा बघितलाच नव्हता. सवयीनं चाक फिरवलं. तोंडचं पाणी पळणं हा वाक्प्रचार मी हजारदा वापरला असेल, पण खाली पाणी चढत असताना तोंड इतकं कोरडं पडू शकतं हे माहीत नव्हतं. मनगटावरची ती एकदम आखडली. मीही आखडले. गोळा मात्र सोडला नाही. आता तो धरून काय उपयोग, हे विचारायचं सुचलंच नाही.

आणि पाणी थांबलं.

एकाएकी नाही. धो धोची धार झाली, धारेचे थेंब झाले. मी श्वास रोखून थेंब ऐकत होते. किती वेळ, सांगता येत नाही. मग झाकणावर पावलं वाजली, कडी कुरकुरली आणि उजेड असा अंगावर पडला की बसक्या आवाजातही मी ओरडलेच.

नणंद गुडघ्यांवर बसून आत बघत होती. मी तिच्या तोंडापासून वीतभर खाली. केसांत जाळं, तोंडावर पिल्लं, कुशीत तांब्याचा गोळा, मनगटावर कोळीण.

तिची नजर माझ्या मनगटावर थांबली. मग ती म्हणाली, "अगं... ही जिवंत आहे?"

"मीही आहे," मी म्हटलं. "आधी हा गोळा धर."

तिनं तो धरला. झटकन घेतला नाही, झोपलेलं मूल एकीच्या कडेवरून दुसरीनं घ्यावं तसा घेतला. कोळीण माझ्या मनगटावरून त्याच्यावर गेली, पिल्लं मागोमाग. नणंदेनं साखळी हातात घेऊन गोळा इंच इंच खाली सोडला. तेवढं होईपर्यंत ती माझ्याकडे बघत नव्हती. मग मला दंडाला धरून बाहेर ओढलं, गवतात बसवलं, आणि माझ्या थोबाडीत मारली.

"कालच झाडली ना? मेली ना?"

"काल उतरलेच नव्हते. खोटं बोलले."

"का?"

"भीती वाटली. तुला सांगायची लाज वाटली."

ती माझ्यासमोर मटकन बसली. तिचा चेहरा बदलताना मी बघितला. सकाळपासूनची एकेक गोष्ट तिच्या मनात जागेवर बसत होती, आणि शेवटची बसली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले.

"बिल्ला मी सरकवला," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"कडी पडली तेव्हाच कळलं. तुझा राग कधी जेवणाच्या सुट्टीपलीकडे टिकलाय?"

यावर ती हसेल असं मला वाटलं होतं. ती रडली. तोंडावर हात न घेता, मोठ्यानं, अंगणात, पंपाच्या आवाजात. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तो हात खांद्यातून वर जात नव्हता, म्हणून कमरेपाशीच फिरवला. माझ्या बाहीतून पिल्लं निघून तिच्या पदरावर चढत होती. तिनं झटकली नाहीत.

"पाणी का थांबवलंस?" बऱ्याच वेळानं मी विचारलं. "तबकडी बिघडली असं नाही वाटलं?"

"वाटलं. दुपारी नाचायला लागला तेव्हापासून काट्याकडे बघणंच सोडलं होतं. चाक फिरवल्यावर बघितलं, तर काटा आधीच 'पूर्ण'वर. म्हटलं, गेली तबकडी कामातून. टिचकी मारायला गेले." तिनं नाक पुसलं. "तर काटा थरथरत होता. भरलेल्या टाकीचा काटा कधी थरथरत नाही, वहिनी. पाणी कशाला घाबरेल?"

चिठ्ठी मी फाडली. नणंदेनं वहीत लिहिलं, 'तबकडी नादुरुस्त, टाकी तीन दिवस भरू नये', आणि खाली सही ठोकली. म्हणजे खोटं तिनंही लिहिलं, पण तिचं खोटं कोणाच्या जिवावर उठणारं नव्हतं. कडीकोयंडा साहेब येऊन तबकडीला टिचक्या मारून गेले. चौथ्या दिवशी पिल्लं पांगली होती. मग मी उतरले, तळ बघितला, आणि खरी सही केली. भीती गेली का, तर नाही. न्हाणीघरातून मी अजूनही ओलीच बाहेर येते. फक्त आता दाराबाहेर उभी राहून नणंदेला सांगते, "हळू धर गं त्याला."

त्या दिवशी घरी जाण्याआधी आम्ही दोघी फळीपाशी गेलो होतो. माझा बिल्ला डावीकडे, 'वर'च्या खिळ्यावर, नीट सरळ टांगलेला. नणंद त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं तो काढला आणि मुठीत धरला. घरापर्यंत मूठ उघडली नाही.

अजूनही तसंच चाललंय. मी टाकीत उतरणार असले की माझा बिल्ला फळीवर नसतो, तिच्या मुठीत असतो आणि ती झाकणाशी बसलेली असते. साहेबांनी दोनदा मेमो दिला, नियम दाखवला, फळी कशासाठी आहे ते समजावलं. ती ऐकून घेते. एका हातानं मेमोवर सही करते, दुसरी मूठ मिटलेलीच असते. मी वर आले, दोन्ही पाय गवतात टेकवले, की मगच ती मूठ उघडते. बिल्ला घामानं ओला झालेला असतो, आणि गरम.